बहात्तर तास

साडेतेहतीस. आकडा तिथेच हवा.
परळच्या या वॉर्डात रात्रभर
मी एका बाळाला गार ठेवते.

पायावर पट्टी: बेबी ऑफ हेमांगी.
जन्मताना श्वास अडकला.
काल दोनदा डावा पाय
सायकल चालवल्यासारखा फिरला;
मी सेकंद मोजले, डॉक्टरांना उठवलं.

हेमांगी भाऊच्या धक्क्यावर मासळी विकते.
व्हीलचेअरवरून वाकली, पोटरीला हात लावला,
झटक्यात काढून घेतला:
"बर्फान म्हावरा ठेवतान, सिस्टर. पोर नाय."

मेंदूची सूज, पेशी, औषध...
मी सांगत राहिले.
तिनं मध्येच विचारलं,
"म्हंजे नासू नाय म्हनून?"

हो.

बराच वेळ पंपाची टिकटिक.
"मंग वर कवा काढनार?"

उद्या रात्री. तासाला अर्धा अंश.

"घाई नको करू,"
मलाच बजावलं तिनं,
आणि हात पुन्हा तिथेच ठेवला.