वादळी म्हणजे निळा

ऋत्विजाने लॅपटॉप पोळपाटाशेजारी ठेवला.
म्हणाली, आत्या, शब्द वाचायचा नाही.
शाईचा रंग कोणता, तेवढं बटण दाबायचं.

न वाचणं इतकं अवघड असतं
हे मला साठाव्या वर्षी कळलं.

पहिली फेरी मराठीची.
हिरव्या शाईत ‘लाल’, पिवळ्या शाईत ‘निळा’.
बोट अडखळलं, उंबऱ्याला लागल्यासारखं,
आणि निघालं पुढे.
दुसरी गुजरातीची.
अण्णा ज्यांना म्हणायचे, डोक्यावर पदर न घेतलेली अक्षरं.
‘लीलो’ म्हणजे हिरवा, शाई निळी.
‘वादळी’ म्हणजे निळा, शाई लाल,
आणि आमच्या घरी वादळी म्हणजे
खिडक्या लावा, पापड आत घ्या.
बोट हवेतच राहिलं.
कणकेचा एक थेंब स्पेसबारवर वाळत गेला.

मराठीत नव्वद मिलिसेकंद उशीर.
गुजरातीत दोनशे बारा.

बघ, म्हटलं, माझी गुजराती कच्चीच.
उलट गं, ती म्हणाली.
जी भाषा न सांगता वाचली जाते
तीच पाय आडवा घालते.
परकी असती, तर तुला नुसता रंग दिसला असता.

दांडिया बाजारातल्या आमच्या दोन खोल्यांत
गुजराती शब्दाला चार आणे दंड होता.
बिस्किटांचा डबा, झाकणाला चीर.
पडणाऱ्या नाण्याचा आवाज अजून कानात आहे.
एवढे पैसे भरून
मी काय विकत घेतलं होतं मग?

आता हे कर, ती म्हणाली. शब्द एकेक करून गेले:
खाट, उशी, जांभई, पांघरूण, रात्र, घोरणं.
मग विचारलं, ‘झोप’ होता का?
होता. शंभर टक्के. डावीकडून तिसरा.
नव्हता.
शब्द एकेकच येत होते गं, ऋत्विजा हसली,
डावीकडे असं काही नव्हतंच.

रात्री विश्रामदादाला फोन लावला, इंदूरला.
डबा? कुठला डबा?
आई एकदा म्हणाली होती दंड लावीन म्हणून, हसण्यावारी.
आणि अण्णा? अगं, रावपुऱ्यातल्या दुकानात
डोळ्याला भिंग लावून घड्याळाचे स्क्रू मोजताना
एक, बे, त्रण, चार,
कायम असंच मोजायचे. तू तर शेजारी बसायचीस.

बसायचे.
स्टुलाची थंड पत्र्याची कड आठवते, तेलाचा वास आठवतो,
चिमट्यात धरलेला, दिसेल न दिसेल असा स्क्रू.
ओठ हलताना दिसतात.
आवाज मात्र येत नाही.
आता जो येतो आहे
तो दादाने आत्ता फोनवर दिलेला.

डबा मी तरीही टाकलेला नाही.
नसला म्हणून काय झालं,
इतकी वर्षं जागा त्याचीच आहे.

सकाळी भाजीवाली गल्लीत आली,
वरून हाक मारली, लीलां मरचां छे?
तिने टोपलीवरचं ओलं फडकं बाजूला केलं.
किती मिलिसेकंद लागले,
तिथे मोजायला कोणी नव्हतं.
मिरच्या हिरव्या होत्या. तिखट निघाल्या.