तोलार

मार्केट यार्डातून चार काटे आणलेत,
चार चाकांखाली चार.
हळद अजून त्यांच्या खाचांत आहे,
म्हणून चढलेली प्रत्येक गाडी
पिवळी पावलं उमटवत उतरते
कवलापूरच्या माळावर, जुन्या धावपट्टीवर.

मी तोलार. आठवडाभर पोती, रविवारी गाड्या.
कुपवाडची सुलक्षणा आरवाडे वही घेऊन बसलीय.
मी आकडा ओरडतो, ती भागाकार करते:
किलो भागिले घोडे.
एका घोड्याच्या वाट्याला किती ओझं,
एवढंच विचारायचं.
रंग नाही, कंपनी नाही, बापाचं नाव नाही.
बाराच्या आत एक वर्ग,
बारा ते सोळा दुसरा,
सोळा आणि वर, तो शेवटचा,
तिथंच गर्दी.

आणि यार्डात जे कधी होत नाही ते इथं होतं:
बारदान वजा करायचं नाही.
माणूस आत बसवूनच तोलायचा.
हेल्मेट, बूट, खिशातली चिल्लर, सकाळचा चहा,
सगळा माल.

आटपाडीचा अधिक यमगर मारुती आठशे घेऊन आला.
मागची सीट काढलेली, दारांची अस्तरं काढलेली,
स्वतः दोन दिवस अर्ध्या भाकरीवर,
तालमीतल्या पोरांनी कुस्तीआधी वजन मारावं तसा.
पुढे दोनशे चोवीस, दोनशे एकवीस,
मागे एकशे चौतीस, एकशे तेहतीस.
सातशे बारा.
मिरजेच्या नौशादनं इंजिनातून उपसलेले घोडे पंचेचाळीस,
तसा कागद खिशात.
सुलक्षणानं मान वर केली. "पंधरा पूर्णांक ब्याऐंशी."
म्हणजे वरचा वर्ग.
म्हणजे ज्या गाड्यांचा नुसता धूर दिसतो, त्यांच्या जोडीला.
पोरगं उपाशी राहून चुकीच्या बाजूला हलकं झालं होतं.
नाव अधिक, आणि कमी पडला आठ किलो.

"टाक की दगड डिकीत," कुणीतरी म्हणालं.
सुटं चालत नाही. बोल्टनं आवळलेलं लागतं.
मग मी टेम्पोतून माझी जुनी लोखंडी वजनं काढली,
पाच, दोन, एक,
बुडाला शिशाचा शिक्का,
काटे विजेवर गेल्यापासून
ताडपत्री उडू नये म्हणून ठेवलेली.
नौशादनं पट्टी वाकवली, सीटखाली आवळली.
सातशे वीस. बरोब्बर सोळा.

शेजारी माधवनगरची अँबेसडर:
बाराशे चाळीस किलो, पंचाहत्तर घोडे, साडेसोळा.
दोघी एका रेषेत आल्या तेव्हा लोक हसले.
वही हसली नाही.

हिरवा दिवा.
चारशे दोन मीटर, त्यात मला दिसलं ते एवढंच,
की लहानी आधी सुटली,
थोरली मागून येत राहिली, येत राहिली,
आणि पट्टी संपली.
अर्ध्या बॉनेटनं अधिक.

जिंकलेल्याला पुन्हा तोलतात.
सातशे एकोणीस पूर्णांक चार.
मी काट्याजवळ उकिडवा होतो.
पायाचा अंगठा कडेपासून दोन बोटं.
यार्डात हा अंगठा टेकवायला सगळे शिकतात,
शिकवलं मात्र कुणीच नसतं.
अधिक काचेतून माझ्याकडे बघत होता,
नौशाद जमिनीकडे.

मी पाय मागे घेतला
आणि आकडा नेहमीपेक्षा हळू ओरडला.
सुलक्षणानं तरी ऐकला.

कुठं गेले सहाशे ग्रॅम?
थोडं पेट्रोल, थोडं रबर, थोडा घाम.
हळद वाळताना आमच्याकडेही असंच जातं,
त्याला घट म्हणतात,
तिची पावती कुणी फाडत नाही.

संध्याकाळी अधिकनं बोल्ट सोडवले,
वजनं पुसून परत दिली. गरम होती.
"पुढच्या खेपेला भाकरी पुरी खाऊन येतो," म्हणाला.
"चटणीसकट ये," मी म्हणालो.

गाडी गेली तासगावच्या रस्त्यानं.
बराच लांबपर्यंत डांबरावर
पिवळं दिसत होतं, मग दिसेना.