इसार

तुर्भ्याला अकरा हजार,
नेरूळला पाच,
आणि ठाण्यात, माजिवड्याच्या पुलाशी,
एकवीस; कारण तिथला मुलगा म्हणाला,
"मॅडम, एकवीस भरलेत की नाव वर सरकतं."
कुठे वर, ते मी विचारलं नाही.

तीन पावत्या गॅसच्या पुस्तकात.
तीन रंग:
राखाडी, पांढरा, आणि जो आधी येईल तो.
गाडी एकच.
चालवणारीही एकच, बावन्न वर्षांची,
सानपाड्याच्या मैदानामागे
अजून दुसऱ्याच्या ब्रेकच्या भरवशावर शिकणारी.

आण्णांनी शिलाई मशीनचा इसार दिला होता
तेव्हा पावती नव्हती.
"इसार म्हणजे पैसे नव्हेत गं,
समोरच्याच्या हातावर ठेवलेला शब्द."
आठवड्याने कळलं, कल्याणला तेच मशीन
चाळीस रुपयांनी स्वस्त आहे.
आई दोन दिवस बोलली नाही.
आण्णा कल्याणला गेले नाहीत.

माझा शब्द परत मिळतो.
पावतीच्या मागे तसं छापलंय,
मुंगीएवढ्या अक्षरांत:
सात ते दहा कामाचे दिवस.

सोमवारी तुर्भ्याचा निनाद भोईर फोन करतो.
मसाला मार्केटचा वारा असला की बोलताना शिंकतो.
"मॅडम, तुम्ही चौदाव्या."
गुरुवारी नेरूळची हर्षाली:
"नवव्या, पण पुढचे दोघं डळमळतायत."
ठाण्याचा मुलगा आकडा सांगतच नाही.
आणि मी तिघांनाही, त्याच आवाजात,
"हो हो, मी तुमच्याकडेच थांबलेय."

ऑफिसातली उज्ज्वला म्हणाली, अगं, सगळेच करतात.

सगळेच.
रात्री दोन वाजता ते गणितासारखं सुटलं.
माझ्या पुढचे तेरा
नेरूळलाही असणार कुठे तरी,
ठाण्यातही, पनवेललाही.
म्हणजे रांग एवढी लांब नाहीच.
माणसं थोडीच आहेत,
जागोजाग चपला ठेवून गेलेली.
आणि माझ्या मागचा पंधरावा,
ज्याच्याकडे कदाचित एकच पावती असेल,
तो माझ्या रिकाम्या चपलांमागे
खरोखरचा उभा आहे.

सकाळी उठून तुर्भ्याचा नंबर काढला.
चहा झाला.
लावला नाही.

गाडी नेरूळला आली, पांढरी,
कसलाही मुहूर्त नसलेल्या बुधवारी.
मग मात्र दोन्हीकडे फोन केले.
ठाण्यात म्हणाले, नाव परत सांगा.
परत सांगा.
स्पेलिंग सांगा.
तुर्भ्यात म्हणाले, निनाद भोईर सोडून गेला, बोला, मी बघतो.

किल्ली घेऊन जो आला
त्याच्या शर्टाच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या.
खिशावर नव्या शोरूमचं नाव.
त्याने कागदावरचं माझं नाव वाचलं,
मग मला वाचलं.
"मॅडम, तिकडे चौदाव्या ना तुम्ही?"
मी पर्समध्ये काही तरी शोधायला लागले.
"असू द्या," तो म्हणाला,
"मीही इथे एप्रिलपासून अर्ज टाकून ठेवलेला.
पनवेललाही टाकलाय."

हार घातला. नारळ फुटला, अर्धा गाडीखाली गेला.
हर्षालीने फोटो काढला, त्यात माझे डोळे मिटलेत.
तो शेजारच्या सीटवर बसला, वायपर दाखवले,
पेट्रोलचं झाकण कुठल्या बाजूला ते सांगितलं.

"निनाद, तिकडे पंधरावं कोण होतं?"

त्याला आठवावं लागलं नाही.
"कुणी पडवळ म्हणून. घणसोलीचे.
बाकीच्यांना आम्ही फोन करायचो.
हे स्वतः करायचे,
रोज, साडेसहाला."

घड्याळात सहा वाजून वीस मिनिटं.
मी क्लच सोडला.
त्याच्या पायाशी ब्रेक नव्हता.
गाडीने दोन गचके खाल्ले
आणि शोरूमच्या दारातच
बंद पडली.