किल्ली कुणाकडं असते?

नव्या केंद्रात गेले की आधी चहा घेत नाही मी.
आधी विचारते, किल्ली कुणाकडं असते?
त्या काचेच्या कपाटाची,
ज्यात अंबू बॅग पिशवीत, पिशवी खोक्यात
आणि खोकं नोंदवहीत सुखरूप असतं.

आज साळवणच्या पुढं, घाटाच्या अलीकडचं केंद्र.
एसटीत मांडीवर ठकी होती,
रबराची, पोटात दोन लिटर पाणी.
कंडक्टर म्हणाला, आक्का, लेकराला झाका, वारं लागंल.
झाकलं.

जरिना शिकलगार, नोकरीला तीन महिने.
शेवंता माने, वीस वर्षं, हातावर हजारभर बाळंतपणं.
"उलटं धरायचं, दोन थापट्या द्यायच्या. रडतंय की."
रडतंय, शेवंताबाई. ज्याला रडायचंच असतं ते रडतंय.
आपण दुसऱ्यासाठी जमलोय.

आधी पूस. ओला टॉवेल टाक, कोरडा घे. पाठ चोळ.
मान अशी धर :
गुऱ्हाळावरनं जाताना काहिलीचा वास आला की
नाक जेवढं वर होतं, तेवढीच.
जास्त केलीस तर वाट बंद.
मास्क हनुवटीवर टेकव, डोळ्यांवर नको.
दाब, सोड, सोड. दाब, सोड, सोड.
छाती हलली तर हवा गेली.
नाही हलली तर चूक तुझी, बाळाची नाही.

ठकीची छाती हलेना.
जरिनानं मास्क उचलला, पुन्हा टेकवला. सात वेळा.
मध्येच म्हणाली, मॅडम, किल्लीचं का विचारलात?
म्हटलं, सवय.

अठ्ठ्याण्णव साली, दुसऱ्या एका गावात,
किल्ली फार्मासिस्टच्या खिशात होती
आणि तो जोतिबाच्या खेट्याला गेलेला.
कुलूप मी शेजारच्या घरातल्या वरवंट्यानं तोडलं.
अकरा मिनिटं.
यापुढचं मी शिकवत नाही.

दुपारी जीप आली.
ऊसतोडीच्या टोळीतली द्वारका, बीडकडची,
पाणी हिरवट गेलेलं.
डॉक्टर कोल्हापुरात मीटिंगला,
एकशे आठ कुठंतरी ट्रॉल्यांच्या मागं.
पोरगं आलं ते निळं, ढिलं,
पिळायचं राहिलेल्या फडक्यासारखं.

मी हात पाठीमागं बांधले.
एवढ्या नोकरीत शिकलेली सगळ्यात अवघड गोष्ट ती.
बोटांत बोटं अडकवली, नखं रुतवली,
कारण उद्या मी इथं नाही
आणि जीप उद्याही येणार आहे.

जरिनानं पुसलं. टॉवेल बदलला.
शेवंताचा हात थापटीसाठी वर गेला,
वरच थांबला,
खाली आला तो पाठ चोळत राहिला.
मान. मास्क. दाब.
नाही हलली.
मी काही बोलले नाही.
तिनं मास्क उचलला, पुन्हा टेकवला.
हलली.
दाब, सोड, सोड, ती मोठ्यानं म्हणत होती,
आणि दाराबाहेर टोळीतल्या बायका
कशासाठी ते न कळता
तिच्यामागनं म्हणायला लागल्या.

मग गंजलेली कडी सरकावी तसा एक आवाज.
मग दुसरा.
मग भिंतीवरचे तक्ते हलतील असं रडणं.
द्वारका पडल्या पडल्या म्हणाली, बापावर गेलंय मेलं,
आणि तोंडावर पदर ओढून घेतला.

नोंदवहीत जन्मवेळ लिहायची होती.
जरिना म्हणाली, घड्याळ चार मिनिटं पुढं आहे, मॅडम.
आणि बाहेर आलं तेव्हाची लिहू, का रडलं तेव्हाची?
म्हटलं, बाहेर आलं तेव्हाची.
मधल्या दीड मिनिटाला रकाना नाही.
तिनं समासात पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं.
मी वाचलं नाही.

ठकी टेबलावर होती.
त्या गडबडीत कुणीतरी तिलाही
कोरडा टॉवेल पांघरलेला.
चहावर साय धरली होती, ती मी बोटानं बाजूला केली.
हाताला नखांचे वण होते.
कपाट अजून उघडंच होतं
आणि बंद करायला कुणी उठत नव्हतं.