शेरा

नया बाजारच्या मागच्या गल्लीत
जानेवारीत दहापर्यंत धुकं उठत नाही.
टॉर्च दातांत धरून मी आकडे टिपतो,
जिन्याखाली, चपलांच्या मांडणीमागे,
एकदा तर म्हशीच्या पाठीवरून वाकून.

वहीत पुढचं नाव : श्रीमती क. द. फाळके. थकबाकी शून्य.
काही उमगलं नाही.
दार उघडलं तेव्हा उमगलं :
मलपृष्ठावरचा तो फोटो
चाळीस वर्षांनी कानाला मफलर गुंडाळून
माझ्यासमोर उभा होता.

त्यांचं पुस्तक मी वाचनालयातून सहा वेळा नेलंय.
शेवटची तीन पानं कुणीतरी फाडलेली.
कधी भेटल्याच तर काय बोलायचं,
वाक्य न् वाक्य ठरलेलं होतं.
आणि तोंडातून निघालं,
"माताजी, मीटर किधर है?"

त्यांनी छातीवरचा बिल्ला वाचला. ढवळीकर.
"मग हिंदीत का कुडकुडतोयस?"

मीटर देवघराच्या बाजूला. चार हजार एकशे सात.
मी आकडा लिहीत असताना त्या म्हणाल्या,
"मागच्या महिन्यात मी घरातच होते.
तू 'दार बंद' लिहून अंदाजे बिल लावलंस."
खरं होतं. त्या दिवशी जिना चढायचा कंटाळा आला होता.
मी टॉर्च उगीचच चालू-बंद केला.

मग गजकाचा डबा पुढे आला,
आणि धीर करून मी फाटक्या पानांचं सांगितलं,
शेवट मीच रचतो हेही.
"सांग की एखादा."
सांगितला : ती बाई परत येते,
झाशीच्या गाडीतून उतरते, फलाटावर उभी राहते,
तिचे डोळे भरून येतात.
"हातात काय होतं तिच्या?"
"म्हणजे?"
"उतरली ना गाडीतून? हातात काय होतं?"
मला माहीत नव्हतं.
त्या गजक मोडत राहिल्या. दात नव्हते फारसे,
तुकडा चघळायला वेळ लागत होता.
"मूळ शेवट कसा होता?" मी विचारलं.
"विसरले बाबा," म्हणाल्या, "चांगला नव्हता बहुतेक.
जाताना फाटक ओढून घे, कुत्रं शिरतं."

उरलेली चौदा घरं मी सगळी चढलो.
संध्याकाळी सायकल स्टेशनकडे वळली.
झाशीची गाडी दीड तास उशिरा.
माणसं उतरली, गोण्या उतरल्या,
आणि सगळ्यांत शेवटी एक बाई,
काखेत कुकरचं नुसतं झाकण.
कुकर नाही. झाकणच.
रडत वगैरे नव्हती,
रिक्षावाल्याशी वीस रुपयांवरून भांडत होती.

कागद दुसरा नव्हता.
मीटरच्या वहीत, 'शेरा' लिहिलेल्या रकान्यात,
जिथे मी नेहमी 'दार बंद' लिहितो,
तिथे बारीक अक्षरात तिला उतरवायला घेतलं.
रकाना संपला.
खालच्या घरांचे रकाने घेतले.