उधार किलोमीटर

गाडी मी घेतली घणसोली गावातून,
हसुराम म्हात्रेंकडून,
त्यांचा उजवा गुडघा बदलला त्या वर्षी.
एकसष्ट हजार तीनशे दहा चाललेली.
किंमत ठरली, कागद झाले,
आणि सगळं उरकल्यावर म्हणाले,
आकडा मात्र मला कळवत राहायचा.

म्हणून फोन येतो, महिन्या-दीड महिन्यानं,
बहुधा रविवारी, जेवणं झाल्यावर.
नमस्कार नाही, तब्येत नाही.
"कवरा झाला गो?"
मी सांगायचे. बासष्ट दोनशे.
बासष्ट नऊशे, बारामतीमार्गे.
पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग
"हां."
कोणी घोटभर पाणी दिल्यासारखं.

महाप्याच्या लॅबमध्ये माझं काम वजनाचं.
दशांश चिन्हापुढे चार आकडे.
काटा स्थिर होईस्तोवर श्वास धरून ठेवते मी.
आणि अशी मी
डिसेंबरात फोनवर म्हणाले,
चौसष्ट हजार नऊशे दहा.
नळदुर्गला जाऊन आले.

गाडी तेव्हा खाली, कोपरखैरण्यात,
दोन स्कूटर आणि कुणाची तरी टाकलेली गादी
यांच्या मध्ये, जुन्या चादरीखाली.
ऑडिट होतं. आईची कंबर होती.
मग बॅटरीच बसली.
खरं तर यातलं काहीच कारण नव्हतं.
त्या रविवारी मला "नाही गेले" म्हणवेना.

"इंदापूरच्या पुढं कसा काय हाय?"
रस्ता छान आहे, म्हणाले मी.
"हां."

आठशे अठ्ठ्याण्णव किलोमीटरचा फरक.
पार्किंगमधून जाताना
मी चादरीकडे बघेनाशी झाले.

फेब्रुवारीत नवी बॅटरी घातली.
पहाटे चारला तुर्भ्याच्या पुलाखाली
ट्रक अजून झोपलेले.
एक्स्प्रेसवेवर दुचाकीला मनाई,
तेव्हा पनवेल, चौक, खोपोली,
आणि घाटात तिसऱ्या गिअरमध्ये
तिचं ते खालच्या पट्टीतलं बोलणं,
कानांआधी मांड्यांना कळणारं.
भिगवणला चहाचा पेला धरला
तर बोटं थरथरतच होती,
अजून हँडल धरल्यासारखी.

इंदापूरच्या पुढं, डाव्या अंगाला,
बाभळीखाली एक पंक्चरवाला.
मी थांबले नव्हते, त्यानंच हात केला.
ही तर म्हात्रेशेठची, म्हणाला,
टाकीवरच्या चऱ्यावरून बोट फिरवत.
दर खेपेला दोन डाव पत्त्यांचे इथं.
शेवटच्या डावाचे चाळीस
माझ्याकडेच राहिले बघा त्यांचे.
आणि खिशातून काढून दिले,
दोन विसाच्या, तेलकट.

नळदुर्गचा किल्ला मी पाहिला, पाहिला नाही.
माणूस रस्त्याची चौकशी करतच नव्हता
आणि मी छान म्हणून मोकळी झाले होते.

परतीला घरी न थांबता घणसोली.
गल्ली इतकी अरुंद की
गाडी आत घेताना कुणीतरी
वाळत घातलेले बोंबील उचलले.
म्हात्रे काठी टेकत पायरीवर आले.
नोटा घेतल्या. उलटसुलट केल्या.
"युनुस बरा हाय?"
बरा आहे.
मग वाकून आकडा वाचला, चष्म्याशिवाय.
चौसष्ट नऊशे चौदा.
चार किलोमीटर व्याज, मी मनात म्हटलं.

इंजिनाजवळ तळवा नेला त्यांनी,
झटकन मागे घेतला.
भट्टीसारखी तापलेली गाडी
आणि आकडा डिसेंबरातला.
लॅबमध्ये मीही एवढ्यावरून ओळखलं असतं.

आतून वनूबायनं विचारलं, कोण आलंय.
त्यांनी उत्तर दिलं नाही.
नोटा बंडीच्या खिशात सारल्या,
पायरीवर बसले, गुडघा सरळ करून,
थंड होत जाणाऱ्या लोखंडाची टिकटिक ऐकत.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"पुढच्या टायमाला
जरा लांबचा खोटा बोल गो."