डुट

तापकीर गल्लीत सेकंडहँड मिळाला.
एकसष्ट पट्ट्या, त्यातली काळी दोन जराशी चिकट,
आणि पेन ड्राइव्हवर आधीच्या मालकाचे ठेके:
कोप्लो, गोयांग, कंदांग, असलं काहीबाही.
दुकानदार म्हणाला, पुसून देऊ का?
म्हटलं, असू दे.

रात्री धनकवडीला, हेडफोन लावून,
सहज एक बटण दाबलं.
डांग… डुट.
डांग… डुट.
अरे, हा तर आपला डग्गा!
कोणे काळी जहाजात बसून गेलेला,
खाऱ्या वाऱ्यात पुडी सैलावलेली,
तिकडचा भात खाऊन अंग धरलेला,
आणि आता आडनाव बदलून
माझ्याच कानात शिरून विचारतोय,
ओळखलंस?

सुराबायाची विद्यास्तुती कोंढव्यात राहते, कायदा शिकते.
(नाव ऐकून मी पहिल्यांदा मराठीतच बोललो होतो.)
शनिवारी त्यांच्या पोरींचा निरोपाचा कार्यक्रम.
माझं वाजवणं ऐकून म्हणाली,
सूर बरोबर आहेत, पण तू फार सरळ चालतोस.
रस्ता ओला आहे असं समज,
आणि पायात दुसऱ्याची चप्पल.

मग मारुतराव खळदकरांकडे गेलो.
आता झेरॉक्सच्या दुकानात बसतात.
माझा पहिला कीबोर्ड आला
त्या गणपतीत ऑर्केस्ट्राने त्यांना सांगितलं,
कळवतो.
त्या वर्षीपासून माझं पाकीट जाड झालं.
ह्यावर आम्ही कधी बोललो नाही.

हेडफोन त्यांच्या कानाला लावला.
मशीनमधून कुणाची तरी आधारकार्डं निघत होती.
डोळे मिटून म्हणाले,
ह्याची करंगळी मोडलेली आहे रे. कोण हा?
म्हटलं, मशीन आहे, मारुतराव.
मशीनची करंगळी मोडत नाही, म्हणाले,
आणि काचेवर, सुट्ट्या पैशांशेजारी,
मनगट घासत नेलं.
काच बोलली नाही.
पण मला ऐकू आलं.

शनिवारी दुसऱ्या अंतऱ्याला
मी तालाचा चॅनल बंद केला.
बासरी माझ्या उजव्या हातात, वाकवत, वाकवत,
आणि डाव्या बाजूला मारुतराव,
डग्ग्यावर जुना टॉवेल, बोटांना पावडर.
डांग…
पोरींचा एकेक पाय वर उचललेला,
सगळा हॉल त्या एका पायावर,
आणि हे थांबलेत.
मशीन इतका वेळ कधीच थांबलं नसतं.

डुट.

परतताना स्कूटरवर
आमच्या दोघांच्या मध्ये उभा कीबोर्ड.
गंगाधामच्या सिग्नलला गाडी बंद केली,
तर कव्हरवर त्यांची बोटं चालूच.
पाकीट माझ्या खिशात होतं, एकच, दोघांचं.
एकशे दहा सेकंदांचा सिग्नल.
मी मागे हात केला.
ते म्हणाले, थांब,
सम येऊ दे.